लोटनआबांचा विश्वस्त

३ नोव्हेंबर १९८६
अमळनेरहून एस.टी.ने चोपडा, तिथून बैलगाडीने मळ्यात. वकिलाकडची कारकुनी सुटली आणि थेट दिवाणजी झालो! मळ्याचे मालक लोटनआबा, त्यांना मूलबाळ नाही. साठ एकर केळीची बाग मुलींच्या वसतिगृहाला द्यायची म्हणतात. मृत्युपत्र मी लिहायचं, विश्वस्तही मीच. आमच्या प्रामाणिकपणाचा डंका तापीपार वाजला म्हणायचा. स्वयंपाकीण यशोदाबाईंची शेवभाजी खाऊन तुडुंब झालोय.

७ नोव्हेंबर
आबांनी बाग दाखवली. त्यांचा गडी हिलाल कोयत्याने केळीच्या बुंध्याशी फुटलेली पिलं छाटत होता आणि पुन्हा फुटू नयेत म्हणून खुंटांत रॉकेल ओतत होता. आबा म्हणाले, "पिलं र्‍हायली म्हणजे घड भरत नही." विश्वस्ताचंही तसंच, पोरंबाळं असली की हात मालकाच्या इस्टेटीकडे वळतो, असंही म्हणाले. मी हसलो. म्हटलं, मला बायको कुंदा आहे, लहानगी मंदा आहे, तरी तुमच्या पैला शिवणार नाही. आबा खूश. दोघींना इकडेच बोलावून घे म्हणाले. लगेच कार्ड टाकलं.

१४ नोव्हेंबर
मृत्युपत्रावर सह्या झाल्या. ते कधी लागू होणार, असं आबांनी विचारलं. तुम्ही डोळे मिटल्यावर, मी समजावलं. कुंदा सोमवारी येते. मंदासाठी झोपाळा बांधलाय.

१५ नोव्हेंबर
यशोदाबाईंनी रडत सगळं सांगितलं. माझ्याआधी सुकदेव विश्वस्त होता. त्याची दोन्ही पोरं बागेत कापलेली सापडली. बिबट्याने मारली म्हणून पंचनामा झाला. पण त्यांना शेवटची आंघोळ यशोदाबाईंनी घातली. जखमांना रॉकेलचा वास होता. पुढे सुकदेवने गळफास घेतला.  पहाटेच निघतो, कुंदाला अमळनेरलाच अडवतो.

१६ नोव्हेंबर
फाटकाशी हिलाल बसलेला. त्याने माझ्या टाचेवर कोयता घातला. शीर तुटली. रक्त थांबत नाही. मला ओढत खोलीत आणून टाकलं, दाराला बाहेरून कडी. कुंदाला कसं कळवू —

१७ नोव्हेंबर
आबा स्वतः गाडी घेऊन स्टँडवर गेले. हिलाल बागेत. कोयता. रॉकेलचा डबा —

गाडी आली. मंदाला झोपाळा दिसला. खिडकीतून ओरडतोय — मंदा, पळ — कुंदा मध्ये पडली — तिचा हात — मान — आता मंदा —

आबा आत आले. धोतर लाल. माझ्या टाचेला हळद लावली. म्हणाले, "आते तुले कोनी नही. आते तू पक्का विश्वस्त शेस."

दमले. इथेच खाटेवर झोपलेत. हिलाल विहिरीवर अंग धुतोय. कोयता उंबऱ्याशी ठेवलाय. मी विश्वस्त आहे. मृत्युपत्र लागू करायचंय. सरपटत — हात पोचला — आबांनी डोळे उघड —