देण्यांच्या बाजूला

बाबा,

चार वर्षांपूर्वी छापखान्याच्या ताळेबंदात तुम्ही देण्यांच्या बाजूला माझं नाव लिहिलेलं दिसलं. पुढच्या ‘भांडवल’ या शब्दाकडे मी लक्षच दिलं नाही. पोटची पोर तुम्हाला कर्ज वाटते, असं म्हणत तणतणत घर सोडलं. तुम्ही जिन्यापर्यंत आलात, “अगं, ऐक तरी!” म्हणत.

काल हिशेबाच्या वर्गात बाई म्हणाल्या, “यंत्रं मालमत्तेत. मालकाचं भांडवल मात्र देण्यांत, कारण धंदा मालकाचं देणं लागतो.”

म्हणजे तुम्ही मला भागीदार केलं होतंत! आणि मी कसले अकलेचे तारे तोडले!

हे पत्र टपालात टाकत नाही. रविवारी स्वतःच घेऊन येते. खालून हाक मारीन, जिन्यापर्यंत या. यावेळी ऐकते.

तुमची,
अर्धवट वाचणारी मालकीण