फियाटची दाढी

अलेक्झांड्रिया, बहारी
शनिवार, दुकान उघडण्यापूर्वी

आदरणीय इन्साफताईस,

धाकट्या भावाचा, म्हणजे वगदीचा, आदबीने सलाम. दोन्ही गालांवर एकेक मुका आणि कपाळावर एक जास्तीचा (तो का, ते पत्र संपेपर्यंत कळेल). इकडे अल्लाच्या कृपेने सर्व खुशाल. तुझे गुडघे काय म्हणतात? भाऊजींची साखर उतरली का, की अजून चोरून बसबूसाची मिठाई चालूच आहे? नवरीमुलीला, आपल्या नहलाला, मामाचे आशीर्वाद. तुझ्या उजव्या हाताच्या वाकड्या करंगळीलाही वेगळा सलाम, कारण लहानपणी तिने माझा कान एकदा धरला की आकडा अडकल्यासारखा सुटत नसे. तफीदा आत्याचे कान मात्र आहेत तसेच आहेत, म्हणजे जे ऐकू जाऊ नये ते तिला नेमकं ऐकू जातं. लग्नाच्या जेवणासाठी तू आमच्या गच्चीवर आणून बांधलेला मेंढाही अगदी मजेत आहे. फोन न करता लिहितोय, कारण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. टांटाच्या बसवाल्याच्या हाती देतोय, संध्याकाळी मिळेल.

आता गाडीचं. येत्या गुरुवारी नहला बाबांच्या फियाटमधूनच सासरी जाणार, हे तू ठरवलंस आणि मी मान डोलावली. आपल्या घरची प्रत्येक नवरी त्याच गाडीतून गेली आहे, तूसुद्धा (जाताना काचेतून हात बाहेर काढून मला 'गाडीला पोचे पाडू नकोस' म्हणून ओरडली होतीस). "गाडी चकाचक दिसली पाहिजे, वगद्या, नाहीतर माझ्या मुलीच्या लग्नात तोंड दाखवू नकोस," असं तू बजावलंस, आणि नेहमीप्रमाणे शेवटी जोडलंस की ज्या दिवशी ती गाडी दारात आली त्या दिवसापासून बाबांनी तुला कधी कडेवर घेतलं नाही. हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. गाडी आली तेव्हा मी जन्मलोही नव्हतो, त्यामुळे मला त्यावर काही बोलता येत नाही, आणि बोलता आलं असतं तरी तू बोलू दिलं नसतंस.

तर गाडी उस्ता शहातच्या गॅरेजात नेली. तो आपल्या गल्लीतला पत्रा ठोकणारा आणि रंगारी, बोलायला बसला तर एका ग्लास चहात शहर विकेल असा माणूस. त्याने फियाटवर बोटाने टकटक केली आणि जाहीर केलं की नुसता वरून रंग मारला तर लग्नाच्या वरातीतच पोपडे गळतील. आधी सगळा रंग पत्र्यापर्यंत उतरवला पाहिजे, गंज घासला पाहिजे, मग ठोकाठोक, मग अस्तर, मग रंग. पण त्याच्याकडे टॅक्सींची रांग, तेव्हा खरवडणं आपलं आपण करा. मी म्हटलं, बाबा रे, मी न्हावी आहे. अख्ख्या बहारीची तोंडं मी खरवडतो, एका फियाटची दाढी मला जड नाही.

जड गेली, ताई. रंग उतरवायचं औषध ब्रशने लावलं की थोड्या वेळाने रंग तापल्या दुधावरच्या सायीसारखा सुरकुततो आणि पात्याने ओढला की लांबच लांब निघतो. इथवर गंमत वाटते. मग ते औषध विजारीवर सांडतं आणि विजारही तशीच सुरकुतते. माझ्या हातांना असा वास लागला की हाज्जी बस्यूनी अर्धी दाढी तशीच ठेवून खुर्चीतून उठून गेला, आणि दोन दिवस तसाच हिंडत होता. पांढऱ्याखाली मोहरीचा रंग निघाला, मोहरीखाली बाटलीचा हिरवा. मग कहवाखान्यातली मंडळी खुर्च्या घेऊन गॅरेजसमोर येऊन बसली आणि हिरव्याखाली काय, यावरून दोन तट पडले. आकाशी निघाला. ज्यांनी तांबडा म्हटला होता ते माझ्यावर चिडले, जणू तो मीच आत लपवून ठेवला होता. डावं मागचं मडगार्ड घासलं तर पत्रा येईचना, नुसती पोचे बुजवायची लांबी, लांबीच लांबी, आणि तिच्या तळाशी तुपाच्या डब्याचा तुकडा, त्यावर अर्धी गाय. शहात म्हणाला, "हे कुणा गाढवाचं काम?" आत्याने वरून खिडकीतून सांगितलं की तुझ्याच बापाचं. त्यावर त्याने तो तुकडा नीट पाहून बापाच्या हातात काय कसब होतं याचं वर्णन सुरू केलं.

परवा गुरुवारी संध्याकाळपर्यंत डिकीचं झाकण सोडून अख्खी गाडी उघडी, चांदीसारखी. त्याच रात्री अस्तर मारायचं होतं. तेवढ्यात आत्या काठी टेकत खाली उतरली. म्हणाली, "आधी पंजे." शहातने नवी मिनीबस रंगवली तरी बळी देऊन रक्ताचे पंजे उमटवल्याशिवाय ती गॅरेजबाहेर जात नाही, हे तुला माहीत आहे, पण पंजे नेहमी रंगावर उमटतात. आत्या म्हणाली, "रंगावरचा पंजा धुतला की गेला. माझ्या भावाने ही गाडी आणली तेव्हा पत्र्यावर पंजे उमटवले आणि वरून रंग चढवला. म्हणून तिला कधी कुणाची दृष्ट लागली नाही." (तिच्या वयात माणूस काहीही आठवतं म्हणतो, असं मी मनात म्हटलं. तेही तिला ऐकू गेलं असावं.) एक मेंढा मिळाला, कुठून ते विचारू नकोस, आणि सगळ्या गल्लीने आपापला उजवा पंजा गाडीवर ठेवला. रक्त रात्रभर वाळू द्यायचं, मधे हात लावायचा नाही, हाही आत्याचाच हुकूम. दुसऱ्या दिवशी शुक्रवार, नमाज होईपर्यंत गॅरेज बंद. आणि रात्रभर समुद्रावरून वारा.

शुक्रवारी दुपारी दार उघडलं तर गाडी गंजून नारिंगी, आणि तिच्यावर तपकिरी पंजेच पंजे, पत्र्यात खोल गेलेले. समोरच्या गच्चीवरून फौकिया ओरडली, "काय रे वगदी, टांटापर्यंत हातांनी ढकलत नेणार काय?" मी शहातचा गळा धरला. तो म्हणाला, "रक्त म्हणजे मिठाचं पाणीच की, पत्रा खाणारच. मला कालच कळलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"मांस वाटणं चाललं होतं," तो म्हणाला. मी त्याचा गळा सोडला, कारण तेव्हा माझंही तोंड भरलेलं होतं.

मग ज्याने त्याने आपापला पंजा घासून काढायचा, असा मी नियम केला. हाज्जी बस्यूनीसुद्धा आला, तारेचा ब्रश घेऊन, अर्ध्या दाढीनिशी. सूर्यास्तापर्यंत गाडी पुन्हा चांदीसारखी झाली, आणि या खेपेस कुणी श्वास घेण्याआधी शहातने अस्तर मारलं. तेव्हा काळजी नसावी. गाडी वेळेत तयार होईल. डिकी तेवढी बाकी आहे. भाऊजींना सलाम, नहलाला मुके, आणि माझा कान तुझ्यापासून दूर असल्याबद्दल अल्लाचे आभार.

तुझा आज्ञाधारक (जमेल तितका),
वगदी

ता. क. मेंढा मजेत आहे असं वर लिहिलं, ते पत्राची सुरुवात चांगली व्हावी म्हणून. तो मेंढा कुठून मिळाला ते तू ओळखलंच असशील. मांस फार कोवळं होतं.

ता. क. दुसरा. डिकी बाकी आहे म्हटलं, तिचं कारण लिहायला सबंध पत्रभर टाळाटाळ केली. काल संध्याकाळी तिचा आकाशी थर निघाला आणि खाली दोन जुने गंजके पंजे दिसले, मागच्या काचेच्या अगदी लगत. एक मोठा, बाबांचा. पण डावा. आत्या चिडली, "माझा भाऊ असल्या कामाला डावा हात लावेल होय?" आणि दुसऱ्या पंजावर वाकली. तो एवढासा, उजवा आहे, आणि त्याची करंगळी आतल्या बाजूला वळलेली आहे. मग ती पायरीवर बसून म्हणाली, "उजव्या हातावर पोर होतं ना. कडेवरून खालीच उतरेना." मी तेव्हाच्या तुझ्याएवढं, फौकियाचं तीन वर्षांचं कार्टं उभं करून पाहिलं, ताई, त्याचा हात तिथवर पोचत नाही. उचललं तरच पोचतो. मला एकदम रडू आलं, आणि लोकांना मी औषधाच्या वासाने डोळे चुरचुरतात असं सांगितलं.

शहात म्हणतो, तो गंज मुळापासून घासला नाही तर नव्या रंगाला तिथेच फोड येतील. तो पॉलिशपेपर घेऊन उभा आहे आणि मी डिकीवर बसून हे लिहितोय. तू आल्याशिवाय उठणार नाही. बुधवारच्या आत ये, त्या पंजावर हात ठेव (मावणार नाही, तू बरीच जाड झाली आहेस), आणि घासायचं की राहू द्यायचं, ते तूच सांग. फोड आले तर येऊ देत, असं माझं मत आहे, पण माझ्या मताला तू कधी विचारलंयस.

येताना दुसरा मेंढा आण.