रस्त्याकडची भिंत

मी, अँजेलीन विल्यम तुस्कानो, वय अडुसष्ट, मूळ राहणार पाचमाड आळी, वसई, सध्या मुक्काम मुलगी आंद्रियाकडे, मदिनत खलीफा, दोहा, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहिते. बुद्धी शाबूत आहे, स्मरण चांगले आहे. गुडघे गेले आहेत, पण सही हाताने करायची असते. चौथीनंतर शाळा सुटली. पुढचे वाचन मी घरी केले. यातला शब्द न् शब्द मला कळतो. कोणी फसवून लिहून घेतले असे मागाहून म्हणू नये.

१. माझे पती विल्यम गेल्या वर्षी वारले. दोह्यात जुनी घरे दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली. सुट्टीत वसईला आले की तेच काम आपल्या घराचे करत. बाकीचे गल्फवाले बंगले बांधत होते. माझे दीर नाना ओट्यावर बसून म्हणत, "आखाती पैसा आणि कौलांना ठिगळं." नानांकडे आमची लाकडी शिडी कधीची पडून आहे. ती त्यांनी ठेवून घ्यावी. तिच्यावर चढून स्वतःची कौले बघावीत, त्यांचीही गळतात.

२. आमची आळी वारसा वस्ती ठरली तेव्हा पालिकेची योजना मी वाचून काढली. चुना, लाकूड, कौले वापरून जुन्या पद्धतीने घर दुरुस्त केले तर खर्चाचा काही भाग घरपट्टीतून वजा होतो. रस्त्याकडची बाजू होती तशी ठेवायची, सिमेंट लावायचे नाही, असे हमीपत्र मालकाने द्यायचे, आणि मालक बदलला तर नव्या मालकानेही. सरकारी कागद मी पुष्कळ वाचले. घर न पाडल्याबद्दल शाबासकी देणारा हा पहिलाच. विल्यमना वाचून दाखवला. "मी फुकट करत होतो, तेच?" म्हणाले आणि हसत सुटले.

३. सूट मंजूर झाली त्या वर्षी ते हृदयाच्या दुखण्याने दोह्यात हॉस्पिटलात होते. मुलगा मॅल्कम सुट्टीवर वसईला गेला होता. नाताळ जवळ आला होता, आणि गल्फहून आलेल्या माणसाने घराला नवा रंग दिला नाही तर आळी नावे ठेवते. बापाला खूश करावे म्हणून त्याने रस्त्याकडची भिंत सिमेंटने गुळगुळीत करून घेतली, वर चकचकीत पिवळा ऑइलपेंट दिला आणि व्हिडिओ कॉलवर दाखवली.

"डॅडी, सरप्राइज. कशी वाटते?"

विल्यमनी चष्मा लावून भिंत पाहिली. मग म्हणाले, "रंग हसरा आहे, बाळा. मी आलो की दोघं मिळून काढू."

पुढे पावसाळ्यात ओल आत कोंडली, रंगाला फुगे आले. पालिकेचा माणूस पाहून गेला आणि सूट थांबली. पुढच्या सुट्टीत बापलेकांनी छिन्नीने सारे सिमेंट उतरवले. मॅल्कमच्या तळहातांना फोड आले. विल्यम त्याला एकदाही टोचून बोलले नाहीत. मुरवलेल्या चुन्याचे थर कसे चढवायचे ते मात्र शिकवले. सूट पुन्हा सुरू झाली. असा नवरा मिळाला हीही माझी मिळकतच. ती कोणाच्या नावे करता येत नाही.

४. आता घराचे. मॅल्कमला तिथे बिल्डिंग हवी आहे. गेल्या शुक्रवारी जेवताना तो म्हणाला, "मम्मी, पुढची भिंत ठेवू ना. मागे चार मजले. रूल पण पाळला जाईल."

आंद्रिया म्हणाली, "घर मारायचं आणि तोंड तेवढं टांगून ठेवायचं."

"तू तरी कधी जातेस तिथे?"

"जाईन. तू आधी ते उभं राहू दे."

हमूर माशाचे कालवण गार होईपर्यंत दोघे भांडले. म्हणून लिहिते:

घर, परस आणि विहीर आंद्रियाला. हमीपत्रावर तिने सही करावी.

रस्त्याकडची भिंत मॅल्कमला. वकील म्हणाले, भिंत वेगळी देता येत नाही. मग त्यांनी सांगितले तसे लिहिते: भिंतीच्या देखभालीचा हक्क आणि जबाबदारी मॅल्कमची राहील, आणि त्याच्या लेखी संमतीशिवाय आंद्रियाने घर विकू अथवा पाडू नये. बाळा, भिंत ठेवू असे तूच म्हणालास. तिच्या आत काय आहे हे विल्यमनंतर तुलाच ठाऊक आहे. दर नाताळाआधी चुना तूच लाव.

५. विल्यमची थापी आणि छिन्नी मॅल्कमला. रंधे बरवा अल बराहा या कामगार वस्तीत राहणाऱ्या अश्फाकला. तो त्यांच्या हाताखाली सुतारकाम शिकला. त्यांची शवपेटी विमानतळावर नेताना एक स्क्रू सैल दिसला, तो त्याने स्वतः आवळला. "चाची, चाचा को ऐसा काम पसंद नहीं था," म्हणाला.

६. बँकेतले पैसे आधी कौलांना आणि चुन्याला. उरतील ते दोघांना सारखे. सोन्याच्या बांगड्या सून उर्वीला. त्या शुक्रवारच्या भांडणात ती एकटीच शांतपणे जेवत राहिली, म्हणजे शहाणी आहे. पुस्तके आंद्रियाने घ्यावीत. नुसती धूळ पुसणे म्हणजे वाचणे नव्हे.

७. मला वसईला विल्यमशेजारी ठेवा. नेताना, त्यांची थांबवली होती तशी, माझी पेटी घरापुढे थांबवा. तेव्हा मॅल्कमने भिंतीवर हात टेकवला होता, ते मी पाहिले आहे. या वेळीही टेकवावा. नाताळ जवळ असेल आणि चुना ओला असेल, तर मात्र हात लावू नये. वाळेपर्यंत थांबावे. मला घाई नसेल.

याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. वरील मजकूर मी स्वतः वाचला आणि दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही केली.

सही: अँजेलीन विल्यम तुस्कानो

साक्षीदार:
१. नीलांबरी कर्णिक, शेजारीण, मदिनत खलीफा
२. देवीदास म्हात्रे, विल्यमचे सहकारी, दोहा

स्थळ: दोहा, कतार
दिनांक: ७ नोव्हेंबर २०२५