खंडेनवमीला दिलेलं प्रकरण

कोरमंगला, बंगळूर
१० एप्रिल १९९५

ती. सौ. प्रमोदिनीआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

प्रबंध कुठवर आला, असं विचारलंस. जिथं होता तिथंच आहे! अर्थशास्त्रात डॉक्टरेट करायला आले आणि वाट बघण्यात पारंगत झाले. माझे मार्गदर्शक गुंडूराव सर यांना तिसरं प्रकरण देऊन सहा महिने झाले. अगरबत्त्या वळणाऱ्या दोनशे बायकांची मजुरी, के. आर. पुरमच्या गल्ल्यांतून चपला झिजवून गोळा केलेली, सगळी त्यातच आहे. सर मात्र ब्र काढत नाहीत. व्हरांड्यात दिसले की मान हलवतात नि पुढे जातात.

३० जूनला माझी नोंदणी संपते. तोवर सरांनी प्रगती-अहवालावर सही केली नाही, तर चार वर्षं पाण्यात. विचारायचीही सोय नाही. माझ्याबरोबरच्या प्रदीपकुमारनं एकदा आपल्या प्रकरणाचं विचारलं, तर सरांनी त्याला अख्खं सर्वेक्षण पुन्हा करायला लावलं. तेव्हापासून आमच्याकडे कोणी तोंड उघडत नाही.

आणि मी तर मुहूर्त बघून दिलं होतं. खंडेनवमीला त्यांच्या घरी गेले. सर स्कूटरसाठी हार आणायला गेले होते. त्यांच्या पत्नी पद्मावतीअक्कांनी फाईल घेतली, तिला कुंकू लावलं, माझ्या हातावर चण्याची उसळ ठेवली. मला वाटलं, शुभशकुन झाला. कसला शकुन अन् कसलं काय!

आईला यातलं काही कळवू नकोस, ती लगेच स्थळं बघायला लागेल.

चिडलेली, तरी तुझीच,
भार्गवी

पुणे
१८ एप्रिल १९९५

चि. भार्गवीस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून कपाळाला हात लावला. अगं शहाणे, खंडेनवमीला पुस्तकं पूजेत मांडतात, वाचत नाहीत! त्या माउलीनं तुझी फाईल पोथ्यांबरोबर मांडली असणार आणि दसरा झाल्यावर त्यांच्याबरोबरच बांधून ठेवली असणार. तुझ्या सरांना बिचाऱ्यांना पत्ताही नसेल. दोनशे बायकांना त्यांची मजुरी विचारलीस आणि एका माणसाला एक प्रश्न विचारता येईना?

मी रागावून लिहिते आहे, त्याला कारण आहे. मॅट्रिकनंतर मला कॉलेजात जायचं होतं. तुझे आजोबा काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. पुढे लग्न झालं. तुझे आजोबा गेल्यावर त्यांच्या कपाटात माझ्या नावाचा प्रवेशाचा फॉर्म सापडला. सगळा त्यांच्या अक्षरात भरलेला, फक्त माझी सही राहिली होती. त्या दिवशी मी जेवले नाही. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

पत्र खाली ठेव आणि ऊठ. काकांचा तुला आशीर्वाद आहे, माझा मात्र विचारून आल्यावर मिळेल.

तुझी आत्या

कोरमंगला, बंगळूर
१२ मे १९९५

ती. सौ. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

आशीर्वाद पाठव. विचारलं!

सरांच्या खोलीत जाऊन उभी राहिले. तिसरं प्रकरण कसं वाटलं, म्हटलं. सर चकित. कुठलं प्रकरण, असं त्यांनीच मला विचारलं. मी काम सोडलं, असं ते धरून चालले होते. विद्यार्थ्याकडे आपण होऊन लेखन मागायचं नाही, हा त्यांचा नेम, म्हणून सहा महिने तेही गप्प. माझ्यासमोर त्यांनी खणातून एक कागद काढून फाडला. मी काम सोडल्याचा तो अहवाल होता, जानेवारीत टाइप केलेला. चार महिने त्यांच्याच्यानं त्यावर सही झाली नव्हती.

मग दोघं त्यांच्या घरी गेलो. अक्कांनी फळीवरचं लाल बासन सोडलं, तर पोथ्यांमध्ये माझी फाईल, वर वाळकं शेवंतीचं फूल. अय्यो, देवाजवळचं म्हणून मी हात लावला नाही, तुम्ही तरी मागायचं की नाही, असं म्हणून अक्का आम्हा दोघांवरच उखडल्या. वर स्वल्प कॉफी घ्या म्हणाल्या.

सरांनी चार दिवसांत वाचून प्रगती-अहवालावर सही केली. समासात त्रेचाळीस शेरे आहेत. चाळीस घरांत पुन्हा जायला सांगितलंय, म्हणजे परत के. आर. पुरम! इतकी चिडले आणि इतकी रडले की काय सांगू.

सोबत मुक्त विद्यापीठाच्या बी.ए.चा फॉर्म आहे, मैत्रिणीकडून मागवलेला. वयाची अट नाही. सगळा मी भरलाय. फक्त सही राहिली आहे.

उत्तराची वाट बघणार नाही, दर आठवड्याला विचारीन.

तुझी,
भार्गवी