मायचं नाव

रवि. ६ ऑक्टो., सेनगाव

प्रार्थनेला चौदा माणसं. त्यातली पाच माझ्या वयाची, म्हणजे पुढच्या गाडीची. पास्टरसाहेब स्वर्गावर बोलले. तिथं चष्मा नाही, गुडघ्याला तेल चोळणं नाही. मागून कुणी तरी जोरात ‘हालेलूया’ म्हणालं. गुडघेवालंच असणार.

नंतर त्यांनी मला बाहेर गाठलं. “गुरुजी, वीस तारखेला कापणीची उपासना. साक्ष तुमचीच. आईची सांगा.”

हो म्हणालो. नेहमीसारखं, लगेच.

ती साक्ष, सभेत उभं राहून सांगायची आपबीती, इथं पोराटोरांनाही पाठ आहे. माझा बाप्तिस्मा होऊन सात वर्षं झाली होती. माय शेवटची बाजेवर पडलेली. तिनं विचारलं, “मेल्यावर तू जाशील तिथं मला घेतील का रे?” मी मास्तर माणूस. म्हणालो, “तिथं हजेरी असते. नाव लिहिलेलं लागतं. तुझं नाही.” आणि उठून शाळेला गेलो. तीन दिवसांनी ती गेली. साक्षीचा शेवट असा, की मायपुढंही मी सत्य सोडलं नाही. एक्केचाळीस वर्षं सांगतो आहे. लोक डोळे पुसतात. मार्था मात्र खाली बघत बसायची. बायको होती, पण या बाबतीत कधी शाबासकी दिली नाही.

मंगळ. ८ ऑक्टो.

हिंगोलीला जाऊन मार्थाच्या कबरीवरचं गवत काढलं. शेजारची जागा माझी. तिथं उभं राहिलं की भीती वाटत नाही, उलट घरी आल्यासारखं वाटतं. ती भेटेल याबद्दल तिळभर शंका नाही. पहिलं वाक्यही ठाऊक आहे, “गोळ्या घेतल्या का?”

येताना एसटीत मायला तसं डोळ्यापुढं आणून पाहिलं. जमलं नाही. ती दाराबाहेरच उभी दिसते. डोक्यावर पदर, हातात काठी, एरवी मागं असायची ती मेंढरं नाहीत. आणि दार मी लावलेलं.

मार्था एकदा चिडून म्हणाली होती, “तुम्हाला तिथल्या दारावर बसवलंय कुणी?” तेव्हा मी तिला शास्त्र समजावून सांगितलं होतं. तासभर. उथळ पाण्याला खळखळाट फार.

शुक्र. ११ ऑक्टो.

पुसेगावहून भाच्याचा, बालाजीचा, फोन. “मामा, आई दोन दिस झाले, धड जेवून नाही राहिली. तुमचंच नाव घेऊन राहिली. या एकदा.”

गिरजा माझ्याहून सहा वर्षांनी लहान. धाकटी आधी निघाली की काय. दोन वर्षांत गेलो नाही. दहा-पंधरा मैलही नसेल. उद्या दसरा, जीपमध्ये पाय ठेवायला जागा मिळणार नाही. सोमवारी जातो म्हणालो.

खरं कारण गर्दी नाही. सणाला गेलं की नैवेद्याचं ताट पुढं येतं आणि मूर्तीपुढचं खायचं नाही म्हणून मी हात आखडतो. मायच्या तेरवीला ताटावरून उठलो, तेव्हापासूनची सवय. हल्ली आग्रहही कुणी करत नाही.

सोम. १४ ऑक्टो., पुसेगाव

लिहितो कसलं. पण लिहिलंच पाहिजे.

गिरजा वाळून काटकी झाली आहे. जीभ तशीच.

“आलास का दादा. मला वाटलं आता मातीलाच येतोस.”

“गप. बोलू नको.”

“बोलायलाच तर बलिवलं. मायचं नाव लिवलंस का तू?”

मला कळेना. मग तिनं सांगितलं. त्या दिवशी मी उठून शाळेला गेलो, तेव्हा ती चुलीपाशी होती, सगळं ऐकत. मायनं तिला जवळ बोलावलं. गिरजे, तू चौथी शिकली नं? मग माझं नाव मला लिव्हायला शिकव. त्यो म्हणून गेला, नाव लागतंय.

“दोन दिस पाटीवर गिरवून राहिली माय. झोपल्या झोपल्या. ‘सो’ जमला. ‘ना’ जमला. ‘बाई’ काही येईना. हात कापायचा. मग म्हणली, ऱ्हाऊ दे. दादाला सांग, तूच लिही. त्याचं अक्षर चांगलं हाय.”

“मग मला काहून सांगितलं नाहीस?”

“तेरवीला सांगणार व्हते. तू ताट सोडून उठला. पुढं मंग कवा सांगू? तू तर सभेत मायची गोष्ट सांगत फिरून राहिला म्हणे. मला वाटलं, त्याला नको असंल.”

मी रडलो. तिच्या सुनेसमोर, बालाजीसमोर. छत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या लेकरांचे हात धरून अक्षरं गिरवून घेतली. मायचा हात एकदाही धरला नाही.

सुनेनं दसऱ्याची उरलेली पोळी आणली, जरा भीत भीत. खाल्ली. गिरजा बघत होती.

बुध. १६ ऑक्टो.

साक्ष तीनदा लिहिली, तीनदा फाडली.

शास्त्राच्या, म्हणजे माझ्या बायबलच्या, पहिल्या कोऱ्या पानावर घरातल्यांची नावं आहेत. बाप्तिस्मे एका बाजूला, निधनं दुसऱ्या बाजूला. सासरे, सासूबाई, मार्था. तिच्या माहेरच्या शेजारचे एक मोझेसकाका, त्यांचंसुद्धा आहे. माय नाही. इतक्या वेळा हे पान उघडलं, ती नाही हे खटकलंही नाही.

पेन उघडलं, पुन्हा बंद केलं. माझ्या लिहिण्यानं काय होणार? आणि न लिहिण्यानं तरी काय झालं होतं?

मायकडं दीडशे मेंढरं. एकालाही खुणेचा रंग लावत नसे. दुसऱ्याच्या कळपात गेलेली मेंढी तोंडावरून ओळखून आणायची. तिला मी हजेरीची वही दाखवली!

शुक्र. १८ ऑक्टो.

पास्टरसाहेबांना सगळं सांगितलं. भला माणूस, पाणी आलं डोळ्यांत. म्हणाले, “गुरुजी, विषय नाजूक आहे. न्याय देवाचा. पण सभेत नको. नवीन माणसं येणार आहेत.”

म्हणालो, “न्याय देवाचा, हेच सांगायचंय.”

“तरी नेहमीची सांगा ना.”

रवि. २० ऑक्टो.

पुढं सोयाबीनचं पोतं, भोपळे, कुणी आणलेली कोंबडी पाय बांधून ठेवलेली. बोलताना ती मध्येच ओरडत होती.

सांगितलं. पाटीसकट सगळं. म्हणालो, मरणाऱ्या बाईनं आशा मागितली आणि मी तिची परीक्षा घेतली. मुलगा म्हणून चुकलो. ख्रिस्ती म्हणूनही चुकलो. मेल्यानंतर जीवन आहे, प्रभू उठवील, हे मी आजही मानतो. कुणाला उठवील हे सांगायचं काम माझं नव्हतं.

हालेलूया नाही. पास्टरसाहेबांनी घाईनं गाणं सुरू केलं.

बाहेर रूथबाईंनी अडवलं. वय ऐंशीच्या पुढं. “गुरुजी, माजीबी माय तशीच गेली, प्रभूचं नाव न घेता. तुमची ती साक्ष झाली की घरी जाऊन रडायची मी. दर साली. हे आधी सांगायचं व्हतं.”

माफी मागितली. त्या “ठीक हाय” म्हणाल्या, पण थांबल्या नाहीत.

एक्केचाळीस वर्षं. किती जणी रडल्या असतील? मी त्याला आशीर्वाद समजत होतो.

मंगळ. २२ ऑक्टो., पुसेगाव

शास्त्र पिशवीत घालून नेलं. शाईचं पेनही.

गिरजाचा आवाज अगदी खाली गेलाय. तिच्या बाजेवर बसून, तिला दिसेल असं धरून लिहिलं. अक्षर वाकडं आलं.

“वाच.”

“सोनाबाई,” ती म्हणाली. जोडून जोडून, चौथीतल्यासारखं. मग बोट खाली नेलं. “आता हितं माझं.”

“तू आहेस अजून, गिरजे. हे गेलेल्यांचं आहे.”

“मंग तारीख टाकू नको.”

लिहिलं. तारखेची जागा सोडली.

“आता भेट व्हईल नं दादा? तिघांची?”

हो म्हणायला जीभ किती उतावीळ झाली होती. पण असंच काही तरी ठासून सांगून मी एकदा उठलो होतो.

“मला माहीत न्हाई, गिरजे. पण तुमी दोघी येईपर्यंत मी दाराशी थांबतो. आत जात नाही.”

“मार्थावैनी बोलतील तुला.”

“बोलू दे.”

ती जरा हसली. मग म्हणाली, “इतक्या वर्सांनी मायला वळखशील का?”

“ती ओळखंल मला.”

डोळा लागला तिचा. शाई ओली होती, म्हणून पान मिटलं नाही. तसंच मांडीवर घेऊन बसलो.