पत्र्याची मान

३ नोव्हेंबर, सोमवार. संध्याकाळी ७.
आजपासून लिवाचं ठरवलं. वही नातीची, मागची पानं कोरी. तिसरी शिकली मी, पण अक्षर सुनेपेक्षा बरं.
नात प्रियदर्शनी छऱ्याची रायफल घेऊन आली शाळेतून. २३ तारखेला आदिलाबादले नेमबाजीचं सिलेक्शन. तोवर घरी प्रॅक्टिस. तिच्या शाळेतल्या अमृतराव सारनं, म्हणजे नेमबाजीच्या मास्तरनं, सोबत एक पोलादी पत्रा देला. ताटाएवढा, गोल, जड. त्याच्यावर मारायचं.
पंढरीनं, म्हणजे माझ्या पोरानं, साफ सांगितलं. कोणाले नुसतं खरचटलं तरी रायफल त्याच दिवशी वापस. सिलेक्शन गेलं चुलीत. पोट्टीचं तोंड एवढंसं झालं. मी म्हटलं, मी आहो ना, माझ्या देखरेखीत काय होते?
पंढरी हसला. शी. असा हसते जशी मी त्याच्या पोटची पोर.

४ नोव्हेंबर. दुपार.
अमृतराव सार स्वतः आले. फौजेत हवालदार होते म्हणे. दोन घंटे परसात मोजमाप. मागं मातीचा ढीग, वर लाकडाची आडवी बल्ली, बल्लीले दोन साखळ्या, साखळ्याइले पत्रा. दहा मीटरवर खुंटी. पोट्टी खुंटीच्या मागं.
पत्रा सरळ नाही टांगला. वरची कड पुढं झुकलेली. म्हटलं, सार, वाकडा झाला. म्हणे, नाही आजी, त्याची मान खालीच पाहिजे. मंग छर्रा लागला की खाली मातीत जाते. सरळ उभा केला तर मारणाऱ्याकडं वापस येऊ शकते.
मले हसू आलं. मी जवारीच्या माळ्यावर उभी राहून बारा हंगाम पाखराइवर गोफण मारली. एक गोटा वापस आला नाही. सारले सांगितलं. म्हणे, आजी, पाखरू मऊ असते, पोलाद नसते. हे काय उत्तर झालं?
सगळ्याइले गॉगल देले. पाहणाऱ्यालेबी लागते म्हणे. सून शीतलनं लगेच घातला, हिरोईन. मी नाही घालणार. वेल्डिंगवाला दिसते माणूस.
ठराव : उद्यापासून मधात बोलायचं नाही.

६ नोव्हेंबर.
बोलली. बोलायची वेळच आली.
सार सांगून गेले होते, रोज पत्र्याले रंग मारा, मंग नवीन छर्रा कुठं लागला ते दिसते. घरात रंग कुठला? मी चुना कालवून फासला. छर्रा लागला की चुना उडे, काळा टिपका दिसे. सार पाहाले आले तर म्हणे, वा आजी, हे तर आमाले फौजेतबी सुचलं नव्हतं.
पंढरीनं ऐकलं. मी मुद्दाम दोनदा विचारलं, काय म्हणले सार?
आता या कामात माझ्याशिवाय पान हलणार नाही हे ठरलं.

९ नोव्हेंबर, रविवार.
रोज मारून मारून नवा पत्रा झिजून जाईन. काही अक्कल? नवी वस्तू ठेवून द्यावी, जुनी वापरावी. मी पत्रा पुसला, तेल लावलं, पोत्यात गुंडाळून कोठीत ठेवला. त्याच्या जागी माझा भाकरीचा तवा टांगला. चाळीस वर्षं जाळावर राहिलेलं लोखंड. त्याच्याहून कडक काय असते?
नरम निघाला. मेला. पाच-सहा छऱ्यात खळगे. सातवा छर्रा कुठूनसा उडाला आन् प्रियदर्शनीच्या चपलेजवळ पडला.
पोट्टीनं तिथंच थांबवलं, सारले फोन लावला. फोनमधून ओरडणं मलेबी ऐकू आलं. म्हणे, खोलगट लोखंड नाही, नरम लोखंड नाही, खळगा पडलेलं तर बिलकुल नाही. खळग्यातून छर्रा कुठंबी पळते. कडक, सपाट पोलादच पाहिजे आन् रोज हात फिरवून पाहायचं. खड्डा लागला की पत्रा बाद.
माझं काही चुकलं नाही. आजकालचे छर्रेच हलकट.
शीतल विचारते, आता भाकर कशावर टाकू? माझ्या डोक्यावर टाक म्हटलं.

१२ नोव्हेंबर, बुधवार.
पत्रा पुन्हा जागेवर. माझ्या तेलानं चुना बसे ना. राखेनं घासला. कोणाले सांगितलं नाही.
संध्याकाळी शेजारची जयवंताबाई आली, कापूस वेचून, पदरात सरकी चिकटलेली. परसात पाहून म्हणते, काऊन वो मनकर्णाबाई, तुमच्या पत्र्यानं चोरी केली काय? मान घालून उभा राह्यला.
अंगाची आग झाली. जिची सून पोलिसात भरती झाली म्हणून गाव डोक्यावर घेते ती बाई मले बोलते. आमच्या घरात मान घालून कोणी उभं राह्यलं नाही. शीतल तर कलेक्टरीण होऊन फिरते, तिले सासूसमोर मान वाकवायले जड जाते. मंग पत्र्यानंच काऊन वाकावं? तो काय या घरची सून हाय?
ठराव : आता पाहतोच.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार. सकाळी ८.
पोट्टी दूध आणाले गेली तेव्हा मी मागून तार बांधली. ताणली. पत्रा एकदम सरळ. छाती काढून. चुना लावला तर नवरदेव दिसे.
मी पत्र्याच्या बाजूले, तीन हातावर पाटावर बसली. आवाज येते टण्ण, पण लागला कुठं ते खुंटीपासून मले दिसत नाही. पोट्टी म्हणे, आजी मागं ये, आजी गॉगल घाल. म्हटलं, मार तू. गोफणीच्या वेळी माझा बाप पुढंच बसे.
तिनं पत्र्याकडं नीट पाहिलंच नाही. माझ्याशी भांडण्यात राह्यली.

तोच दिवस. सकाळी ११.
गांधीलमाशी चावली. डोळ्याच्या खाली, बोटभर अंतरावर. गाल वांग्यावानी झाला.
गांधीलमाशीच.
पंढरी कडुलिंबाच्या झाडाखाली, गोठ्याच्या आढ्याले, सगळीकडं पोळं शोधून आला. रॉकेलचा बोळा घेऊन. सापडलं नाही. म्हटलं, एकटीच होती, परगावची.
प्रियदर्शनीनं रायफल पुसली, पिशवीत घातली, चेन लावली.

१५ नोव्हेंबर, शनिवार.
आज पोट्टीनं बापाले सांगितलं. म्हणे, बाबा, माशी नव्हती. माझा छर्रा लागला आजीले. रायफल वापस करा. डोळा जात होता तिचा.
बाप पिशवी उचलून निघालाच. पोट्टी खुंटीकडं पाहत उभी. रडत नव्हती. रडली असती तर मी उठली नसती.
मी म्हटलं, थांब. तार मी बांधली. पत्रा मी सरळ केला. तिनं सांगितलं तरी मी बसली. खरचटलं ते माझ्या हातानं.
मले वाटलं, पंढरी म्हणन, आई, तुझ्यासारखी खरं बोलणारी बाई नाही. तो म्हणे, मले कालच माहीत होतं. गांधीलमाशीच्या डंखात छऱ्याचं शिसं असते काय?
पण पोट्टी स्वतःहून खरं बोलली म्हणून रायफल राह्यली. पत्र्याची मान पुन्हा खाली. सारनं येऊन तार कापली आन् खुंटीच्या मागं, दोन पावलावर, चुन्यानं रेघ मारली. आजी या रेघेच्या मागं, गॉगल घालून. माझाच चुना.
शीतलनं गॉगल माझ्या कानाले बसवला. दोरी ढिली केली, गालाले लागू नये म्हणून. त्याचाबी रागच आला.

२३ नोव्हेंबर, रविवार. संध्याकाळ.
सिलेक्शन झालं. प्रियदर्शनीचा दुसरा नंबर. पंढरीनं जिलेबी आणली, थंडगार, शी.
मी सगळ्याइले सांगितलं, पत्रा मी सांभाळला म्हणून हे झालं. चुना माझा, तेल माझं, राख माझी. जयवंताबाईलेबी बोलावून सांगितलं.
ती गेल्यावर पोट्टीले विचारलं, तिथला पत्रा कसा होता? आपल्यासारखा का मोठा?
म्हणे, आजी, तिथं पत्रा नसतेच. कागद असते. सिलेक्शनले कागदावरच मारतात.
मंग घरी पत्रा काऊन?
पोट्टीनं हातातली जिलेबी संपवली. मंग म्हणे, सारले मीच मागितला. मी कागदावर छर्रा मारला असता तर तुले दुरून काय समजलं असतं? पत्र्यावर लागला की टण्ण वाजते. तुले ऐकू येते.
एवढं तेल फुकट गेलं.
मंग विचारलं, आता तो पत्रा वापस करतं काय?
म्हणे, नाही. राहू देतो. पण तू रेघेच्या मागं.
बसतो म्हटलं.