काळ्या अंगावरचे वळ

वडगाव, बेळगाव
सोमवार, ता. ११ ऑगस्ट २०२५

चि. राणीस,
बसवंतअण्णाचा आशीर्वाद. आम्ही सगळी ठीक. तिकडं खानापुराकडं पाऊस लई लागलाय म्हणं, आईला जपा.

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. रोज लिहायला बसतो आन् उठतो. आमची मालुबाई म्हणते, "पत्र लिवताय का पोथी?" 

शामूचा माग परत सुरू केलाय. नवा गडी चांगला हाय, पण साडीचा काठ तुझ्या भावासारखा सरळ येत न्हाय. अकरा वर्षं तो माझ्याकडं होता. गल्लीतल्या शेडातनं मागाच्या मोटारी चोरीला गेल्या, तवा पोलीस थेट त्यालाच घेऊन गेले. का, तर त्याचा रंग आन् कुरळे केस. "आफ्रिकेचा का रं तू?" म्हणून खानापूरच्या रानात जन्मलेल्या सिद्दी माणसाला त्यांनी पासपोर्ट मागितला! तिसऱ्या दिवशी मला बोलावणं आलं, ते मयताची ओळख पटवायला.

दोन वर्षं झाली गं. तू पहिली बस धरून येतीस, कोर्टाच्या बाकावर बसतीस, पुढची तारीख घेऊन जातीस. तुला वाटत असंल, अण्णा फिरकत बी न्हाय. फिरकतो. समोरच्या चहाच्या गाड्यामागं उभा असतो. तोंड दाखवत न्हाय.

तू एवढंच विचारलंयस, "अण्णा, तुम्ही पंच होता. तुम्ही काय बघितलं?"

मागं मी सांगितलं होतं, शामूच्या मयताचा पंचनामा कन्नडात होता, मला वाचता आला न्हाय. ते खोटं. मला कन्नड चांगलं वाचता येतं. 'अंगावर कसल्याही खुणा नाहीत' हे मी वाचलं आन् मगच सही केली.

पोलीस साहेब म्हणाले होते, "एवढ्या काळ्या अंगावर काय दिसणार? करा सही." बाकीच्यांना दिसलं नसंल बी. पण मी जन्मभर काळ्या साड्या विणल्या. काळ्या कापडातला दोष समोरनं कळत न्हाय. कापड उजेडाला तिरकं धरायचं, वरनं हात फिरवायचा. शामूला कुशीवर वळवला तसा खिडकीचा उजेड पाठीवर पडला. खांद्यापासनं कमरेपतोर वळ होते, बोटाएवढे जाड. मी हात फिरवून बघितला. आन् त्याच हातानं सही केली.

मला कुणी मारलं न्हाय, दमदाटी बी केली न्हाय. मी भ्यालो, बास. घरी येऊन जेवलो सुद्धा. ह्याची लाज वाटती.

गुरुवारी मॅजिस्ट्रेटांपुढं हे सगळं सांगणार हाय. तुझ्या वकिलांना आज भेटून आलो. ते म्हणाले, "तुम्हाला खोटारडं ठरवतील, तुमच्यावरच केस व्हईल." होऊ दे. शामूला न्याय मिळंल का, ह्याचा भरवसा मला बी न्हाय. साहेब तर बढतीवर बदलून गेले. लई दमलोय गं, आन् तू माझ्यापेक्षा किती दमली असशील.

त्या दिवशी माझ्यासाठी बाकावर जागा धरू नकोस. भांडायचं असंल तर भांड, मी पळणार न्हाय. आईला हे वाचून दाखवायचं का, ते तू ठरव.

खाली 'तुझा अण्णा' लिहायला हात धजत न्हाय.

बसवंत,
पंच क्रमांक दोन